अ‍ॅटलास पर्वतातील कच्च्या वाटांवर दिशा कशी राखावी? (मोटारसायकल प्रवास, मोरोक्को)

खडीवाट (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघे मित्र मोरोक्कोला जात आहोत. माराकेशला मोटारसायकली भाड्याने घ्यायच्या, अझिलालवरून ऐत बूगमेझच्या खोऱ्यात उतरायचे, तिथून झाविया अहन्साल, तिलुगीत, अनेर्गी असे करत इमिलशिल गाठायचे, पुढे अगुदालवरून तोद्राच्या घळीच्या माथ्याशी ताम्तातुश्तला यायचे, तिथून आडव्या वाटेने म्सेम्रीरला जाऊन दादेसची घळ उतरायची आणि शेवटी सघ्रो पर्वतातील तझाझर्त खिंड ओलांडून नकोबला पोहोचायचे, असा बेत आहे. परतीचा प्रवास वारझाझातवरून तिझी न तिश्का या डांबरी घाटाने होईल. गाडी चालवण्यासाठी दहा दिवस हाताशी आहेत. कच्च्या रस्त्यांचा सराव तिघांनाही आहे, परंतु अनोळखी डोंगरात स्वतः मार्ग शोधत जाण्याचा अनुभव कोणालाच नाही.

माझ्याकडे तीन वेगवेगळ्या प्रवाशांनी नोंदवलेल्या जीपीएक्स फायली (जीपीएस उपकरणात भरता येणारे मार्ग) आहेत आणि त्या नकाशावर एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तर अनेर्गी ते इमिलशिल या टप्प्यात तिन्ही रेषा वेगवेगळ्या दिसतात. म्हणून विचारतो की, पडद्यावरच्या रेषेवर विसंबून राहणे पुरेसे आहे का? रॅलीत वापरतात तसे कागदी रोडबुक शिकून घेण्यात अर्थ आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाट चुकली आहे हे दहा किलोमीटर पुढे गेल्यावर कळण्याऐवजी पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच कसे ओळखावे?

घळीकाठी

आपला मार्ग उत्तम आहे आणि तीन रेषा वेगळ्या दिसल्यावर आपण थांबून विचारलेत, हे त्याहून उत्तम. त्या तीन रेषांपैकी कदाचित तिन्ही आपापल्या वर्षी बरोबर असतील. अनेर्गी ते इमिलशिल ही वाट असिफ मेलूल नदीच्या खोऱ्यातून जाते आणि अशा वाटा पुरात वाहून जातात, नव्याने काढल्या जातात किंवा डांबरी होतात. इमिलशिल, अगुदाल आणि तोद्रा यांना जोडणारा रस्ता पूर्वी कच्चा होता, आता तो डांबरी आहे. म्हणून कोणतीही फाईल उघडल्यावर पहिली गोष्ट पाहावी ती तिची तारीख. तिच्यात वेळेच्या नोंदी शिल्लक असतील तर ती कोणत्या महिन्यात, किती वेगाने नोंदवली हेही कळते. वीस किलोमीटरला तीन तास लागलेले दिसले, की तिथे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज घरबसल्या येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅक आणि रूट यांतला फरक मनात पक्का करा. ट्रॅक म्हणजे कोणीतरी प्रत्यक्ष चाललेल्या बिंदूंची माळ. ती उपकरण बदलत नाही. रूट म्हणजे काही मोजके बिंदू, आणि त्यांच्या मधला मार्ग उपकरण स्वतःच्या नकाशावरून ठरवते. एकच रूट तिघांच्या उपकरणांत घातला तर तीन वेगळे मार्ग निघू शकतात आणि त्यांतला एखादा मुकाट्याने डांबरी रस्त्यावरून शंभर किलोमीटरचा वळसा घालून नेतो. डोंगरात ट्रॅकच वापरावा आणि आपोआप नवा मार्ग आखण्याची सोय बंद ठेवावी. फुटकळ वाटते, परंतु निघण्यापूर्वी तिघांनीही आपापल्या उपकरणात एकाच गावाचे अक्षांश-रेखांश हाताने घालून पाहावेत. 31 अंश 50 मिनिटे हा आकडा 31.50 असा भरला, तर बिंदू सुमारे 37 किलोमीटर दक्षिणेला सरकतो, आणि रेखांशामागचे वजा चिन्ह राहून गेले तर गाव थेट अल्जीरियात जाऊन बसते.

जुने फ्रेंच पद्धतीचे भूमापन नकाशे कोणी दिले, तर तेही जपून वापरा. ते मेर्शिश नावाच्या स्थानिक आधारप्रणालीवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जीपीएसहून वेगळ्या पायावर, बेतलेले आहेत. त्यांवरचे निर्देशांक तसेच्या तसे जीपीएसमध्ये घातले तर दीडशे मीटरच्या आसपास फरक पडतो. उघड्या पठारावर दीडशे मीटरचे काही वाटत नाही. घळीत मात्र तेवढ्या अंतरात नदीचा दुसरा काठ येतो.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला स्वतःला महाग पडला आहे. ताम्तातुश्त ते म्सेम्रीर हे अंतर जेमतेम चाळीस-बेचाळीस किलोमीटरचे आहे. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा ट्रॅक होता आणि सकाळी निघताना दुपारच्या जेवणाला म्सेम्रीर, असे मी सोबत्यांना सांगितले होते. वाट एका कोरड्या नदीपात्रात शिरली. मधल्या काळात आलेल्या पुराने ते पात्र पार उलथेपालथे केले होते. पडद्यावरची रेषा पात्राच्या मधोमध जात होती, प्रत्यक्षात तिथे गुडघाभर उंचीचे धोंडे होते. त्यातच दोन्ही बाजूंना कडे असल्याने उपग्रहांचे संकेत कड्यांवर आपटून येत होते आणि माझा बाण कधी डाव्या काठावर, कधी उजव्या काठावर उड्या मारत होता. मी बाणाकडे पाहत राहिलो. तीन किलोमीटरला दोन तास गेले, गाडी चार वेळा आडवी झाली, क्लचची मूठ वाकली आणि पाणी निम्म्यावर आले.

शेवटी गाडी उभी करून, शिरस्त्राण काढून, मी पायी मागे चालत गेलो, तेव्हा दिसले. सुमारे चारशे मीटर मागे डाव्या काठावर दोन समांतर चाकोऱ्या पात्रातून वर चढत होत्या. त्यांच्या तोंडाशी दगडांची छोटी उतरंड रचलेली होती आणि मातीवर ट्रकच्या जोडचाकांचे ठसे अगदी ताजे होते. पूर आल्यानंतर गावकऱ्यांनी स्वतःची नवी वाट काढली होती आणि मी तिच्या शेजारून, मान खाली घालून, गेलो होतो.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी पाहतो. पायाखालची वाट हळूहळू अरुंद होत चालली का, हे पहिले. कारण गावाकडे जाणारी वाट गावाच्या दिशेने ठळक होत जाते आणि चराऊ कुरणाकडे जाणारी वाट फाटे फुटून विरत जाते. दुसरे, चढ कसा आहे. ट्रक चढ बेताचा राखून वळणे घेतो, खेचर मात्र नाकासमोर चढते. चाकोरी एकाएकी तीव्र चढाला लागली, तर आपण खेचरांच्या पायवाटेवर आलो आहोत. तिसरे म्हणजे ठसे. दोन फाट्यांपैकी ज्यावर जोडचाकांचे ठसे आहेत तो रेषेपासून पन्नास मीटर दूर असला तरी आधी तो तपासावा.

दिशाकोन

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु रोडबुकच्या प्रश्नाला बगल दिली गेली, म्हणून सविस्तर लिहितो. मी पडद्यापेक्षा कागदाला अधिक मानतो आणि त्याचे कारण भावनिक नाही.

रोडबुक म्हणजे हँडलबारवरच्या पेटीतून सरकत जाणारी कागदाची लांब गुंडाळी. तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडे आरंभापासूनचे एकूण अंतर आणि मागच्या खुणेपासूनचे अंतर असते, मधे त्या ठिकाणची साधी आकृती असते आणि उजवीकडे सूचना असतात. आकृतीत खालच्या टिंबाकडून आपण येतो आणि बाणाच्या टोकाकडे जातो. या आकृतीला ट्युलिप म्हणतात. नेदरलँड्समधील ट्युलिप रॅलीवरून ते नाव रूढ झाले. सूचना बहुधा फ्रेंच आद्याक्षरांत असतात. पी म्हणजे कच्ची वाट, एचपी म्हणजे वाट सोडून मोकळ्या रानातून, आणि उद्गारचिन्हे एक ते तीन, धोक्याच्या वाढत्या प्रमाणात. तीन उद्गारचिन्हे दिसली की वेग जवळजवळ पायी चालण्याचा हवा. जिथे वाटच नाही तिथे कॅप, म्हणजे अंशांत दिलेला दिशाकोन, एवढाच आधार असतो.

याचा खरा लाभ असा की पुढे काय येणार आहे हे ते आधी सांगते, आणि ते न आल्यास आपल्याला लगेच कळते. पडद्यावरची रेषा कुठे आहात ते दाखवते. रोडबुक मात्र 1.2 किलोमीटरवर डाव्या हाताला पडकी भिंत दिसेल असे सांगते. दीड किलोमीटर झाले आणि भिंत आली नाही, तर आपण चुकलो आहोत आणि परतीचे अंतर फक्त दीड किलोमीटर आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही.

मात्र त्यासाठी अंतरमापक खरा बोलला पाहिजे आणि बहुतेक जण इथेच घसरतात. नव्या टायरचा परीघ, हवेचा दाब आणि वाळूत घसरणारे चाक यांमुळे मापात फरक पडतो. माराकेश सोडल्यावर डांबरी रस्त्यावर किलोमीटरचे दगड लागतात. दहा दगड मोजा आणि मापक काय दाखवतो ते पाहा. 10.4 दाखवत असेल तर फरक चार टक्क्यांचा आहे. दिवसाच्या 85 किलोमीटरच्या टप्प्यात हाच फरक तीन किलोमीटरच्या वर जातो, आणि अ‍ॅटलासमध्ये तीन किलोमीटर म्हणजे शेजारचे खोरे. रॅलीचे मापक अंगठ्याने मागेपुढे करता येतात. भाड्याच्या गाडीत तशी सोय नसली, तर प्रत्येक नक्की ओळखलेल्या खुणेशी ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि फक्त दोन खुणांमधले अंतर वाचावे.

होकायंत्र वापरताना गाडीपासून दहा-बारा पावले दूर जाऊन उभे राहावे, हेही नवख्याला कोणी सांगत नाही. इंजिनचे लोखंड सुई ओढते. टाकीवर होकायंत्र ठेवून कोन घेणारे अनेक जण मी पाहिले आहेत आणि ते सर्व प्रामाणिकपणे चुकीच्या दिशेला गेले.

कागदावर विश्वास कितपत ठेवावा, अशी शंका असेल तर आयशा दे गाझेल या रॅलीकडे पाहा. ही फक्त महिलांची रॅली 1990 पासून चालत आली आहे आणि मोरोक्कोतच होते. तिच्यात जीपीएस वापरायला मनाई असते, नकाशा आणि होकायंत्र यांवरच भिस्त असते, आणि जो संघ सर्वांत कमी अंतर कापून सर्व टप्पे गाठतो तो जिंकतो. वेगाला गुण नाहीत. आपल्यासारख्या प्रवाशांसाठी हा मापदंड मला फार योग्य वाटतो.

तीन महिन्यांत संपूर्ण रोडबुक लिहिणे आपल्याला जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. उपग्रह छायाचित्रे समोर ठेवून, तीन फायली जिथे वेगळ्या होतात तेवढेच फाटे निवडा. असे पंधरा-वीस फाटे निघतील. प्रत्येकाची आकृती हाताने काढा, अंतर लिहा, बाहेर पडण्याचा दिशाकोन लिहा. आकृती स्वतः काढली की ती डोक्यातही राहते. दुसऱ्याची आयती गुंडाळी आणली तर हा अर्धा फायदा वाया जातो.

चहापुरता थांबा

दोन्ही सदस्यांनी यंत्राबद्दल आणि कागदाबद्दल लिहिले. माणसांबद्दल मी थोडे लिहितो, कारण उंच अ‍ॅटलासमध्ये निर्मनुष्य वाटणाऱ्या उतारावरही मेंढ्या राखणारे कोणीतरी असतेच.

वाट विचारताना बोट दाखवून ही वाट इमिलशिलला जाते का, असे कधीही विचारू नये. पाहुण्याला नाही म्हणणे अनेकांना जड जाते आणि खेचर तिथपर्यंत जातेच, त्यामुळे होकार मिळतो आणि तो खोटाही नसतो. इमिलशिलला कोणीकडून जायचे, असा उघडा प्रश्न करावा आणि समोरच्याचा हात कुठे उठतो ते पाहावे. नंतर दुसरा प्रश्न, तिथून गाडी आली का, कधी आली. मोरोक्कोच्या दारिजा या बोली अरबीत वाटेला त्रीक म्हणतात, मधल्या अ‍ॅटलासच्या तमाझिगत या बर्बर भाषेत अब्रीद आणि दक्षिणेकडच्या तशेल्हीत या दुसऱ्या बर्बर भाषेत अघरास. पिस्त म्हणजे कच्चा रस्ता आणि गुद्रों म्हणजे डांबरी, हे फ्रेंच शब्द सर्वत्र चालतात. मक्तुआ हा शब्द कानावर पडला तर थांबा. त्याचा अर्थ वाट तुटली आहे.

सर्वांत खात्रीची माहिती आठवडी बाजाराला जाणाऱ्या ट्रकचालकांकडे असते. ज्या दिवशी बाजार, त्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्या पहाटे माणसे, शेळ्या आणि पोती भरलेले ट्रक याच वाटांवरून निघतात. बाजाराचा वार विचारून घेतला तर वाट खुली आहे का, हेही आपोआप कळते.

गावांची नावे हा आणखी एक गुंता आहे. ती फ्रेंच वळणाने लिहिली गेली असल्याने एकाच गावाची तीन-तीन रूपे आढळतात. तोद्रा आणि तोद्घा एकच. उलट ऐत म्हणजे अमक्याचे वंशज, त्यामुळे ऐतने सुरू होणारी गावे डोंगरभर विखुरलेली आहेत आणि नुसत्या नावावरून शोध घेतला तर भलतेच गाव निघते. मात्र हीच नावे नकाशा वाचायला मदत करतात. तिझी म्हणजे खिंड, असिफ म्हणजे नदी, अद्रार म्हणजे डोंगर, अगेलमाम म्हणजे तळे. पुढच्या टप्प्यात दोन तिझी आणि मधे एक असिफ दिसले, की चढ, उतार, पाणी आणि पुन्हा चढ असा दिवस समोर उभा राहतो.

खडीवाट (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री बसून तिन्ही फायलींच्या तारखा पाहिल्या. एक सात वर्षांपूर्वीची निघाली आणि अनेर्गीच्या पुढे सर्वांत वेगळी जाणारी रेषा तिचीच आहे. फाट्यांच्या आकृत्या काढायला सुरुवात केली आहे, आतापर्यंत सहा झाल्या.

एक शंका उरते. चुकल्याचे लक्षात आले, परंतु थोडे पुढे गेल्यावर वाट परत मिळेल असे वाटत असते, तेव्हा मागे फिरण्याचा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा? आमच्यातील एक मित्र मागे फिरायला सहजासहजी तयार होत नाही.

घळीकाठी

हा निर्णय वाटेवर घेऊच नये, तो सकाळी चहा पिताना घ्यावा. दमलेला आणि तहानलेला माणूस पुढच्या वळणापलीकडे रस्ता आहे असेच मानतो. मीही त्या पात्रात तेच मानत होतो.

आम्ही आता रोज सकाळी दोन आकडे कागदावर लिहून तिघांच्या टाकीवर चिकटवतो. पहिला इंधनाचा. समजा टाकी 14 लिटरची आहे आणि डांबरी रस्त्यावर शंभर किलोमीटरला पाच लिटर लागतात. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चढताना ते सहा धरले, तर पल्ला 280 वरून सुमारे 230 किलोमीटरवर येतो. त्यातून राखीव चाळीस वजा केले की उरतात 190, आणि परत येता यावे यासाठी त्याचे निम्मे, म्हणजे 95. पुढे पेट्रोल मिळेल याची खात्री नसेल, तर मापकावर 95 आल्यावर परतायचे. खेड्यांत बाटल्यांतून पेट्रोल विकतात हे खरे, पण ते मिळाले तर आनंद मानावा, बेत त्यावर आखू नये.

दुसरा आकडा वेळेचा. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, परंतु घळीत ऊन त्याच्या कितीतरी आधी जाते आणि सावलीत खडीतले खड्डे दिसत नाहीत. म्हणून ठरलेल्या खिंडीच्या माथ्यावर दोन वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर परत, असा आमचा नियम आहे. दुपारनंतर माथ्यावर ढग दाटू लागले तर दोन वाजण्याचीही वाट पाहत नाही, कारण वर पडलेला पाऊस खालच्या कोरड्या पात्रात अचानक लोंढा होऊन येतो आणि आपल्या डोक्यावर तेव्हा कदाचित ऊन असते.

आणि मित्राबद्दल म्हणाल, तर परत फिरूया असे तिघांपैकी एकाने म्हटले की फिरायचे, त्यावर चर्चा करायची नाही, हे विमानात बसण्यापूर्वी तिघांनी एकमेकांना सांगून ठेवा. आमच्यात हे ठरल्यानंतर एकदाही वाद झालेला नाही.

नकोब दक्षिण

थोडक्यात काही भर घालतो. ग्रामीण भागात झांदार्मरीला (तिथले ग्रामीण पोलीस दल) 177 वर आणि रुग्णवाहिकेला मोबाइलवरून 150 वर बोलावता येते. पण घळींत मोबाइलला संपर्क नसतो, म्हणून रोज रात्रीच्या मुक्कामाच्या घरी दुसऱ्या दिवशीची वाट आणि पोहोचण्याची वेळ सांगून जावे. ड्रोन नेऊ नका. देशात आणण्यास मनाई आहे आणि सीमाशुल्क अधिकारी ते काढून घेतात. भाडेकरारात कच्च्या रस्त्यांवरील नुकसानीबद्दल काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी शब्दशः वाचा. माझ्या करारात ते कलम मागच्या पानावर होते आणि वाकलेल्या रिमचे पैसे मला भरावे लागले.

सप्टेंबर 2023 च्या भूकंपात माराकेशच्या नैर्ऋत्येकडचा डोंगर फार हादरला होता. आपला मार्ग बराच पूर्वेला आहे, पण परतताना तिझी न तेस्टकडे वळण्याचा मोह झाला, तर त्या घाटाची सद्यःस्थिती तिथेच विचारून मग वळा.

खडीवाट (धागाकर्ता)

आज मित्रांशी सविस्तर बोलणे झाले. ताम्तातुश्त ते म्सेम्रीर या टप्प्यासाठी आता पूर्ण एक दिवस राखून ठेवला आहे आणि त्यासाठी ऐत बूगमेझमधला एक मुक्काम कमी केला. एकाने फिरूया म्हटले की फिरायचे, हे तिघांनी मान्य केले. जो मित्र अडून बसतो, त्यानेच इंधनाचा आकडा रोज सकाळी काढण्याची जबाबदारी आपण होऊन घेतली. अनेर्गीच्या पुढच्या दोन फाट्यांच्या आकृत्या उद्या इथे टाकतो. तिथून गेल्या वर्षभरात कोणी गेले असेल, तर कृपया पाहून चुका दाखवाव्यात.